रुखसार कोमेजेना

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून उभा जन्म काढलेले भीमराजभाऊ मनवर निवृत्त झाल्यावर गुलाबाच्या नादी लागले, याचं गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. रिकामा माणूस कशाच्या तरी नादी लागतोच. नवल वाटलं ते त्यांनी एकच झाड लावलं याचं, आणि त्या एका झाडापायी दिवस पुरत नाही असं ते खरोखरच मानत याचं.

झाड फ्लोरिबंडा जातीचं होतं. एका दांड्यावर एकच टपोरं फूल धरणारे गुलाब वेगळे. फ्लोरिबंडाला दांड्याच्या टोकाशी झुबक्यानं फुलं येतात. अमरावतीच्या ज्या रोपवाटिकेतून त्यांनी ते आणलं, तिथल्या माणसानं वाणाचं नाव रुखसार असं सांगितलं होतं. रंग लाल. कसा लाल, असं कुणी विचारलं तर भीमराजभाऊ सांगत, जिनिंगमधल्या आगीच्या बादल्यांना नवा ऑइलपेंट मारला की पहिल्या दिवशी त्या जशा दिसतात तसा. वास मात्र जवळपास नव्हताच. नाक अगदी फुलात घातलं तर थोडा चहापत्तीसारखा यायचा, तोही सकाळी.

आमची काळी माती कपाशीला मानवते, गुलाबाला मानवत नाही. पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. भीमराजभाऊंनी अंगणातली माती खणून काढली आणि खड्ड्यात मुरूम, रेती, शेणखत, निंबोळी पेंड असं थरावर थर भरलं. तरी पहिलं वर्ष वायाच गेलं. कलमाच्या खालून, म्हणजे देशी गुलाबाच्या खुंटातून, जोमदार फुटवे निघाले. त्यांना वाटलं, झाडानं जीव धरला. त्यांनी ते फुटवे मोठ्या कौतुकानं वाढवले, आणि त्यांना फुलं आली ती फिकी गुलाबी. सोयरा म्हणून घरात घेतलेला माणूस भलताच निघावा तसं झालं. त्यानंतर मात्र त्यांनी झाडाकडे मशीनकडे पाहावं तसं पाहायला सुरुवात केली. ऑक्टोबरात छाटणी. माव्याची कीड दिसली की साबणाचं पाणी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मधली कळी. फ्लोरिबंडाच्या झुबक्यात मधली कळी आधी उमलते, आणि बाजूच्या उमलतात तोवर ती सुकून सगळ्या झुबक्याचा चेहरा बिघडवते. म्हणून ती लहान असतानाच खुडून टाकायची, म्हणजे उरलेल्या सगळ्या एकदम उमलतात. पहिल्यांदा ती कळी खुडली त्या दिवशी ते ती कळी वाटीभर पाण्यात घालून, ताटाशेजारी ठेवून जेवले, असं त्यांच्या बायकोनं, चंद्रकलाबाईंनी, मागे सांगितलं होतं.

पुसदला पुष्पप्रेमी मंडळाचं गुलाबप्रदर्शन भरणार असल्याचं त्यांना कळलं, तेव्हा झाड ऐन भरात होतं. त्यांनी मंडळाचे अध्यक्ष विठ्ठलराव यांना फोन लावला. विठ्ठलरावांचं पुसदला बी-बियाण्यांचं दुकान, माणूस नियमाचा. ते म्हणाले की फ्लोरिबंडाचा विभाग आहे, पण एका विभागात निदान दोन स्पर्धक पाहिजेत. एकटा माणूस पहिला येतो हे मंडळाला मान्य नाही. आणि या वर्षी फ्लोरिबंडासाठी भीमराजभाऊंशिवाय कुणाचाच फोन आलेला नव्हता.

भीमराजभाऊंनी ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं. कुणाकडे शेवंती होती, कुणाकडे मोगरा. एकाकडे गुलाब होता पण तो गुलकंदाचा होता. शेवटी ते शेजारच्या इंदूबाई गावंडे यांच्याकडे गेले. इंदूबाईंचं शेत माळाला होतं, तूर निघायची होती, घरी म्हैस होती आणि गुलाबाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. भीमराजभाऊंनी त्यांना समजावलं की काही करायचं नाही, फक्त माझ्या विरोधात उभं राहायचं.

“म्या काहून तुमच्या विरोधात उभी राहू?” इंदूबाई म्हणाल्या. “आपलं कधी भांडण झालं काय?”

भांडणाचा प्रश्न नाही, मंडळाचा नियम आहे, असं त्यांनी परत सांगितलं. फूलही मीच देतो, म्हणाले. इंदूबाईंची लेक पुसदला दिलेली होती, तिच्याकडे तसंही जायचंच होतं. त्या तयार झाल्या. पण स्पर्धकानं फूल स्वतः वाढवलेलं असावं, असाही एक नियम होता. भीमराजभाऊंना खोटेपणा सहन होत नसे. त्यांनी इंदूबाईंना बोलावून त्यांच्या हातानं झाडाला एक बादली पाणी घालायला लावलं, आणि मग त्यांचं मन स्वस्थ झालं.

स्वतःसाठी त्यांनी जो झुबका ठेवला होता त्याची मधली कळी वेळेवर खुडलेली होती, पानं ओल्या फडक्यानं एकेक पुसलेली होती. इंदूबाईंना त्यांनी मागच्या बाजूचा, भिंतीकडचा झुबका दिला. त्याची मधली कळी खुडायची राहून गेली होती. ते फूल आता करपून काळपट झालं होतं. एका पानाला अळीनं भोक पाडलं होतं. चंद्रकलाबाई म्हणाल्या, निदान बरा तरी द्यायचा. भीमराजभाऊ म्हणाले, ती स्पर्धक आहे.

दोघं सकाळच्या एसटीनं पुसदला गेले. भीमराजभाऊ डालड्याच्या जुन्या डब्यात पाणी घालून, त्यात फूल उभं करून, डबा गुडघ्यांत धरून बसले आणि प्रत्येक खड्ड्याला स्वतः उचलले जाऊन डब्याला हादरा लागू देत नव्हते. इंदूबाईंनी आपलं फूल ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीसाठी घेतलेल्या तुरीच्या शेंगांच्या पिशवीत ठेवलं होतं. गाडी थांबली की त्या पिशवी मांडीवरून खाली ठेवत आणि सुटली की वर घेत.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांवर बाटल्या मांडल्या होत्या आणि बाटल्यांत फुलं. फ्लोरिबंडाच्या टेबलावर दोनच बाटल्या. शेजारी शेजारी ठेवल्यावर त्या एका घरातल्या दोन भावांसारख्या दिसत होत्या, एक नोकरीला लागलेला आणि एक राहून गेलेला.

आता इथे मागच्या वर्षीची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागच्या वर्षी याच मंडळात ज्या फुलाला सर्वोत्तम गुलाब म्हणून ढाल मिळाली, ते फूल नकली निघालं होतं. करणाऱ्यानं मोठ्या हुशारीनं केलं होतं. दांडा खरा, काटे खरे, पानं खरी, फक्त टोकाला बसवलेलं फूल तेवढं नकली. हल्ली हाताला अगदी खऱ्यासारखी लागणारी फुलं मिळतात. विठ्ठलरावांनी ते मानाचं फूल दुकानात ठेवलं होतं. ते रोज त्याचं पाणी बदलत आणि आलेल्या गिऱ्हाईकाला दाखवत. दांडा वाळला, पानं गळली, होळी आली आणि गेली, तरी फूल तसंच, तेव्हा त्यांना शंका आली. ढाल घेऊन गेलेला माणूस मग फोनच उचलेना. त्या वेळचे परीक्षकच यंदाही होते. नागपूरचे निवृत्त प्राध्यापक नानोटी. मंडळानं त्यांना परत बोलावलं ते राग नाही हे दाखवायला, आणि ते आले ते पुन्हा फसणार नाही हे दाखवायला.

नानोटीसर फ्लोरिबंडाच्या टेबलाशी आले आणि भीमराजभाऊंच्या फुलासमोर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. झुबक्यातली सगळी फुलं एकाच मापाची, एकाच वेळी उमललेली, पानांवर धुळीचा कण नाही. त्यांनी वाकून वास घेतला. वास नव्हता.

“असं फूल निसर्गात नसतं,” ते म्हणाले.

भीमराजभाऊंनी हात जोडले. आयुष्यात एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते म्हणाले, “तुमची मेहेरबानी, साहेब.”

नानोटीसरांनी त्यांच्याकडे दुःखानं पाहिलं आणि विठ्ठलरावांना बोलावलं. मग दोघांचं हलक्या आवाजात बोलणं झालं. फूल नकली आहे असा संशय आहे हे भीमराजभाऊंना कळायला बराच वेळ लागला, कारण ते अजून हात जोडूनच उभे होते.

कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा दांडा पाहा म्हटलं. दांडा मागच्या वर्षीही खरा होता. हात लावून पाहा म्हटलं. हाताला मागच्या वर्षीचंही खरंच लागलं होतं. घरी चला, झाड दाखवतो, म्हणाले. मागच्या वर्षीच्या माणसाकडे आख्खी बाग होती, असं विठ्ठलरावांनी सांगितलं. मग एक पाकळी तोडून पाहू, असं नानोटीसर म्हणाले. पण मंडळाच्या नियमात होतं की पाकळी तुटलेलं फूल बाद. भीमराजभाऊंनी नियमांचा कागद खिशातून काढून दाखवला. विठ्ठलराव म्हणाले, बरोबर आहे, पाकळी तोडता येणार नाही.

इंदूबाईंच्या फुलाबद्दल मात्र कुणाच्या मनात काहीही संशय नव्हता. त्यावर मावा होता. नानोटीसरांनी भिंगातून तो मावा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. हे फूल जिवंत आहे, अस्सल आहे, असं ते आजूबाजूच्या लोकांना सांगू लागले. इंदूबाईंनी मग सरळ विचारलं की माझा पहिला नंबर आला का.

तसं नव्हतं. नानोटीसरांनी नीट समजावून सांगितलं. भीमराजभाऊंचं फूल खरं असेल तर तेच पहिलं, कारण ते उघडच सरस होतं. आणि ते खोटं असेल तर ते बाद, म्हणजे विभागात एकच स्पर्धक उरतो, म्हणजे विभागच रद्द.

इंदूबाईंनी याचा थोडा विचार केला. “म्हणजे त्यायचं फूल खरं असलं तरी मले काही नाही, अन् खोटं असलं तरी मले काही नाही.”

“खरं असलं तर दुसरा नंबर,” विठ्ठलराव म्हणाले.

“दोघात?”

“दोघात.”

इंदूबाईंचा पदर त्या क्षणी कमरेला खोचला गेला. आल्या होत्या त्या शेजारधर्म म्हणून. आता त्यांना मनापासून वाटायला लागलं की हे प्रकरण धसाला लागलं पाहिजे. भीमराजभाऊ डोळ्यांनी नको नको करत होते, तरी त्यांनी सगळं सांगून टाकलं. ही दोन्ही फुलं एकाच झाडाची आहेत, झाड भीमराजभाऊंच्या अंगणात आहे, मी त्याला फक्त एक बादली पाणी घातलं आहे. भीमराजभाऊंनी डोळे मिटून घेतले. आता फूल खरं ठरणार, पण स्पर्धक एकच उरून विभाग रद्द होणार, हे त्यांना दिसत होतं.

नानोटीसरांनी दोन्ही फुलं पुन्हा पाहिली, आणि इंदूबाईंच्या खांद्यावर थोपटावं तसं नुसतंच हवेत थोपटलं. “बाई, शेजाऱ्यासाठी तुम्ही खोटं बोलता आहात, हे तुमचं मोठेपण आहे. पण मी चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. ही दोन फुलं एका झाडाची असूच शकत नाहीत.”

तेव्हा एकच मार्ग राहिला. खरं फूल कोमेजतं, खोटं कोमेजत नाही. फूल मंडळाच्या ताब्यात राहील आणि कोमेजलं की निकाल लागेल, असं ठरलं. नानोटीसर नागपूरला परत गेले. फूल विठ्ठलरावांच्या दुकानात गेलं, बियाण्यांच्या काचेच्या कपाटात, कुलूप लावून. भीमराजभाऊ दिग्रसला गेले नाहीत. फूल आपल्या मागे बदललं जाईल अशी भीती त्यांना नव्हती, पण ते कोमेजेल तेव्हा आपण तिथे पाहिजे असं त्यांना वाटत होतं. पुसदला त्यांचा पुतण्या संघदीप राहायचा, शाळेत शिक्षक होता, त्याच्याकडे त्यांनी मुक्काम टाकला. रोज दुकान उघडलं की ते येत आणि कपाटासमोरच्या पोत्यावर बसत.

आता सगळं त्यांच्याच हातानं केलेलं त्यांच्या विरोधात गेलं होतं. फूल टिकावं म्हणून त्यांनी ते आदल्या दिवशी पहाटे, कळ्या अर्ध्या उमललेल्या असताना कापलं होतं. दांडा पाण्याखाली धरून परत तिरपा छाटला होता, म्हणजे दांड्यात हवा शिरत नाही. रात्रभर ते गळ्याइतक्या पाण्यात, अंधारात ठेवलं होतं. शिवाय रुखसार ही जातच मुळात टिकाऊ. त्यातच थंडीची लाट आली. बियाण्याची खोली आधीच गार. विठ्ठलराव मुद्देमाल जपावा तसं फूल जपत होते आणि रोज सकाळी ताजं पाणी घालत होते. भीमराजभाऊंनी त्यांना विनंती केली की पाणी बदलू नका. विठ्ठलराव म्हणाले, फुलाचे हाल झाले असं उद्या कोणी म्हणायला नको. मग थोडं उन्हात ठेवा, असं त्यांनी सुचवलं. नागपूरला फोन करून विचारलं तेव्हा उत्तर आलं की उन्हात ठेवलं तर तो निकालात हस्तक्षेप होईल.

इंदूबाई म्हशीपायी दिग्रसला परतल्या होत्या, पण दिवसाआड त्या एसटीनं यायच्या. चंद्रकलाबाईंनी दिलेली भाकर आणि धुतलेला सदरा आणायच्या, फुलाकडे पाहायच्या, आणि “अजून नाही?” एवढंच विचारायच्या. त्यांचं स्वतःचं फूल प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी गळून गेलं होतं.

“तुमचं बरं,” भीमराजभाऊ एकदा त्यांना म्हणाले. “तुमचं झडलं.”

हळूहळू गोष्ट बाहेर फुटली. विठ्ठलरावांच्या दुकानात न कोमेजणारा गुलाब आहे, असं लोक सांगू लागले. आधी पुसदचे लोक आले, मग ढाणकीचे बियाण्याचे व्यापारी कामाच्या निमित्तानं येऊन पाहून गेले. कॉलेजातली पोरं फुलाला पाठ करून फोटो काढायची. मग एके सकाळी मथुराबाई नावाच्या एक बाई आल्या आणि त्यांनी काचेला हळदीकुंकू लावलं. त्यांच्या सुनेला दिवस जात नव्हते. दुसऱ्या दिवशी कपाटासमोर नारळ होता. त्यानंतर उदबत्त्या लागल्या, आणि विठ्ठलरावांनी आग लागेल म्हणून उदबत्तीसाठी वाळू भरलेला डबा ठेवला, तेव्हा लोकांना वाटलं की मंडळानंच सोय केली.

भीमराजभाऊंना हे फार लागलं. ज्या घरात आईबापांनी देव बाजूला ठेवून दीक्षा घेतली, त्या घरचा माणूस पोत्यावर बसून आपल्याच फुलाची आरती पाहत होता. त्यांनी मथुराबाईंना समजावलं की हे साधं फूल आहे, मी वाढवलं आहे, याच्या मुळाशी निंबोळी पेंड आहे आणि हे मरणार आहे. मथुराबाई त्यांच्या पाया पडल्या. वाढवणारे तुम्हीच का, म्हणाल्या.

संध्याकाळी ते पुतण्याला म्हणाले, “सगळं अनित्य आहे हे विहारात लहानपणापासून ऐकत आलो. दगडबी झिजते म्हणतात. अन् हे बेणं काही मानत नाही.” संघदीप म्हणाला की काका, धीर धरा. ते म्हणाले, मी धीरच धरून राह्यलो, पण आता मलेच कधीकधी वाटते का खोटं तर नसन.

हे त्यांनी थट्टेनं म्हटलं नव्हतं. त्या दिवसांत त्यांनी खरोखर मनात सगळं परत तपासून पाहिलं होतं. छाटणी, फुटवा, कळी, ती खुडल्याचा हिरवा डाग अंगठ्यावर. फूल झाडावरून कापताना आलेला आवाजसुद्धा त्यांनी आठवला. तरी दुसऱ्या दिवशी काचेतून पाहिलं की पाकळ्या तशाच, आणि ओळखीचा माणूस रस्त्यात भेटून ओळख देऊ नये तसं वाटायचं.

थंडी ओसरली त्या दिवशी दुपारी इंदूबाई दुकानात आलेल्या होत्या आणि विठ्ठलरावांशी हुज्जत घालत होत्या की निदान दुसऱ्या नंबरचं बक्षीस तरी देऊन टाका. दुकानात पाच-सहा बाया हळदीकुंकू घेऊन रांगेत होत्या. भीमराजभाऊ पोत्यावरून उठले आणि काचेजवळ गेले. झुबक्यातल्या उजव्या हाताच्या फुलाची कड निळसर झाली होती. लाल गुलाब म्हातारा होताना आधी लाल सोडतो आणि जांभळट होतो. ज्यानं पाहिलं आहे त्यालाच ते कळतं. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं.

एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, पण त्यांनी विठ्ठलरावांना हाक मारली नाही. ते तसेच उभे राहिले. रांगेतली एक बाई काचेला हात लावायला पुढे आली, तर त्यांनी तिला आडवा हात केला. धक्का नोका लावू, म्हणाले. थोडा वेळ तरी त्याले राहू द्या. नंतर त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही की आपण असं का म्हणालो.

पाकळी पडली ती सगळ्यांसमोर. अगदी हलकी, पण कपाटात दुसरं काही हलत नव्हतं, म्हणून ती दिसली. विठ्ठलराव बोलता बोलता थांबले. कुलूप काढलं. आणि मग त्यांनी नियमाप्रमाणे नागपूरला व्हिडिओ कॉल लावला.

नानोटीसर जेवत होते. पडलेली पाकळी दाखवली तर ते म्हणाले की पडलेली पाकळी पुरावा होत नाही, ती कुणीही टाकू शकतो, पडताना दाखवा. तेव्हा विठ्ठलरावांनी फोन फुलासमोर धरला आणि सगळे वाट पाहत उभे राहिले. हात अवघडला म्हणून विठ्ठलरावांकडून फोन इंदूबाईंनी घेतला. नानोटीसर पलीकडून न हलता पाहत होते, हातातला घास तसाच. बाहेरून काय झालं ते पाहायला माणसं आत आली आणि तीही फुलाकडे पाहत उभी राहिली. मथुराबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. पाकळी पडू नये म्हणून त्या पुटपुटत होत्या, हे नंतर कळलं.

दुसरी पाकळी सुटली, दांड्याला टेकली आणि खाली गेली.

“अस्सल,” फोनमधून आवाज आला.

दुकानात टाळ्या पडल्या. विठ्ठलरावांनी भीमराजभाऊंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “अभिनंदन. कोमेजलं.” इंदूबाईंनी फोन खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला, पण बाजूच्या बाईनं विचारलं तर म्हणाल्या, उदबत्तीचा धूर गेला. मथुराबाई रागावून निघून गेल्या.

बक्षीससमारंभ रविवारी झाला. पहिली आलेली फुलं नियमाप्रमाणे मंचावर ठेवायची होती, म्हणून भीमराजभाऊंच्या बाटलीत नुसता दांडा होता आणि त्याच्या टोकाला हिरव्या बोंडांचा गोंडा. मागच्या वर्षीची ढाल अजून परत आली नव्हती, तेव्हा त्यांना ढालीऐवजी स्टीलची घागर देण्यात आली. इंदूबाईंना मंडळाच्या नावाचा डबा मिळाला. नानोटीसरांनी भाषणात सांगितलं की इतकं उशिरा कोमेजलेलं फूल आपण पाहिलेलं नाही, आणि परीक्षकाच्या आयुष्यात शंका घेणं हे कर्तव्य असतं. पुढे येऊन त्यांनी भीमराजभाऊंची माफी मागितली. भीमराजभाऊ म्हणाले, तुमचं चुकलं नाही, मलेबी शंका आलती. दुसऱ्या दिवशी एका पेपरात दोघांचा फोटो आला. भीमराजभाऊंनी काडी धरली होती आणि खाली लिहिलं होतं की उत्कृष्ट पुष्पासह विजेते.

घरी आले तर अंगणात लालजर्द पसारा पडला होता. जाताना त्यांनी चंद्रकलाबाईंना सांगितलं होतं की झाडाला हात लावू नको, आणि त्यांनी लावला नव्हता. झाडावरचे सगळे झुबके उमलून, झडून गेले होते. भीमराजभाऊंनी घागर ओट्यावर ठेवली, खराटा घेतला आणि झाडू लागले. पाकळ्या ओल्या मातीला चिकटल्या होत्या, लवकर निघत नव्हत्या.

भिंतीपलीकडून इंदूबाईंनी हाक मारली. त्यांनी म्हशीच्या गोठ्याकडेला खड्डा खणून ठेवला होता. तो पाहायला भीमराजभाऊ खराट्यासकट गेले. खड्डा खोल होता, पण सगळी काळी मातीच होती, वरून शेण.

“यात मुळ्या सडतीन,” ते म्हणाले. “आधी मुरूम आणा लागते.”

“मुरूम कुठं भेटते?”

त्यांनी सांगितलं कुठे भेटतो ते. मग खराटा भिंतीला टेकवून ते वाकले आणि आत हात घालून माती किती काढावी लागेल ते पाहू लागले.